समोरच्या माडीवरच्या ताईस, लॅपटॉप मोकळा करून दिलास त्याबद्दल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहायचं नाही असं तू बजावलं आहेस. म्हणून दांडिया बाजारातल्या आपल्या गल्लीतली, कलाभवनात कॉम्प्युटर शिकणारी मुलगी एवढंच लिहिते. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं ते हातात विद्या असलेली माणसं तयार व्हावीत म्हणून. तुझ्याकडे बघून ते पटतं.

पत्र चारचौघांत लिहितेय त्यालाही कारण आहे. घरी बसून दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणी बडोद्यात आहेत. पोरं शिकून नोकरीला बाहेर गेली की त्यांचे लॅपटॉप आपल्याकडे येतात, आणि बरोबर त्यांची उबुंटूही येते, म्हणजे विंडोजसारखीच पण वेगळी सिस्टिम. माझा लॅपटॉप भाच्याचा, त्याला ती अभ्यासाला लागत होती. मला लागते विंडोजवरची टॅली, म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम, आणि जीएसटीचं पोर्टल. लॅपटॉप सुरू केला की यादी यायची, त्यात उबुंटू सगळ्यात वर. दहा सेकंदांत बाण खाली नेऊन विंडोज निवडलं नाही तर उबुंटूच उघडायची. दूध उतू जातंय का बघून येईपर्यंत ती उघडलेली असायची. मग बंद करून पुन्हा विंडोजमध्ये यावं, तर घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी साडेदहाला पाच वाजलेले. मी बॅटरी गेली समजत होते. दोन्ही सिस्टिम लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाचा अर्थ वेगवेगळा लावतात, एक आपली वेळ धरते आणि दुसरी ग्रिनिचची, हे तू सांगितलंस तेव्हा कुठे उलगडा झाला.

खरी अडचण जागेची होती. २५६ जीबीच्या डिस्कमधली शंभरेक जीबी उबुंटूने अडवलेली, आणि सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. २० तारखेला रिटर्न भरायचं आणि टॅलीचा बॅकअप घ्यायला जागा नाही! एका दुकानात विचारलं तर, "आखुं फॉरमॅट करी दईए, बेन." त्यांच्या दृष्टीने तेच सोपं. पण फॉरमॅट म्हणजे सगळी डिस्क कोरी, आणि त्या डिस्कवर माझ्या गिऱ्हाइकांची कित्येक वर्षांची खाती आहेत. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

तू आलीस आणि पहिल्यांदा विचारलंस, "काकू, उबुंटूमध्ये काय काय आहे?" भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, काही नाही, उडवून टाका. तरी तू थांबलीस. टॅलीचा बॅकअप आणि माझ्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्यास, मग उबुंटू सुरू करून त्याचं होम फोल्डर उघडलंस. कॉलेजच्या प्रोजेक्टांच्या खाली "घर" नावाचं एक फोल्डर होतं. त्यात आमच्या वाड्याच्या वाटणीचे कागद निघाले. माझ्या वडिलांनी त्याच्याकडून स्कॅन करून घेतले होते आणि तो साफ विसरला होता. कडेला वडिलांच्या अक्षरातल्या खुणा आहेत, कुठली खोली कुणाची, जिना सामाईक. मूळ कागदांना वाळवी लागली आहे. विंडोजमधून पाहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं, कारण उबुंटूची डिस्क ज्या पद्धतीने लिहिलेली असते ती विंडोजला आपणहून वाचता येत नाही. ते कागद तू पेनड्राइव्हवर घेतलेस, विंडोजमध्ये उघडून दाखवलेस, आणि मगच पुढे गेलीस. बाकी कशाहीपेक्षा मी या एका गोष्टीसाठी तुझी ऋणी आहे.

मला वाटत होतं, आता डिस्कवरचा उबुंटूचा भाग पुसला की झालं. तू म्हणालीस, आधी दार बदलायचं. सुरू होताना येणारी ती यादी ग्रब नावाचा प्रोग्राम दाखवतो. त्याचा छोटा तुकडा डिस्कवर ईएफआय नावाच्या, सुरू होताना लागणाऱ्या फायलींच्या वेगळ्या भागात असतो आणि बाकीचं सामान उबुंटूच्या भागात. उबुंटू आधी पुसली तर तो तुकडा आपलं सामान शोधत राहतो आणि काळ्या पडद्यावर नुसता "ग्रब" शब्द उरतो. विंडोज आत धडधाकट असते, पण समोरच्या माणसाचा धीर सुटतो आणि तो दुकानात धाव घेतो. म्हणून आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करणारा प्रोग्राम, सगळ्यात वर आणलास. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, बंद आहे ना, तेही त्याआधीच पाहिलंस. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय या सेटिंगला हात लावायचा नाही, हे माझ्याकडून वहीत लिहून घेतलंस. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि यादी न येता थेट विंडोज आली.

मग डिस्कचे भाग दाखवणारं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट. इथे तू माउस माझ्या हातात दिलास. एका ओळीत चौकोन: १०० एमबीचा ईएफआय, मग सी, मग नाव ना अक्षर असा एक मोठा चौकोन, शेवटी विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला रिकव्हरी. मधला बिननावाचा तो उबुंटूचा. आकडा जुळतो का हे तू माझ्याकडून वाचून घेतलंस. ईएफआयवर उजवं बटण दाबायला लावलंस, तर तिथे पुसण्याचा पर्यायच येत नाही, नुसतं हेल्प. ते बघून माझी भीती निम्मी झाली. बिननावाचा चौकोन पुसला तशी त्याच्यावरची निळी पट्टी काळी झाली. सीवर उजवं बटण दाबून एक्स्टेंड व्हॉल्यूम, म्हणजे भाग वाढवा, केलं आणि ती जागा सीला मिळाली. रिकामी जागा सीच्या लगेच उजवीकडे होती म्हणून हे जमलं. मध्ये रिकव्हरी आली असती तर तो पर्याय पुसटच राहिला असता, आणि मग त्या जागेचा वेगळा डी ड्राइव्ह करायचा, असं तू सांगितलंस.

ईएफआयच्या भागातलं उबुंटूचं फोल्डर शेवटी तू स्वतः काढलंस, ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून. शेजारी मायक्रोसॉफ्ट आणि बूट अशी फोल्डरं होती, त्यांना बोट लावलं नाहीस. हे मला अजून एकटीने जमणार नाही आणि मी करणारही नाही.

दुकानांना मी सल्ला देते, त्याचे पैसे घेते, त्यामुळे दुसऱ्याच्या चोपड्या हाताळताना किती जपावं लागतं ते मला माहीत आहे. तू माझा लॅपटॉप तसाच हाताळलास. परीक्षा तोंडावर असताना संध्याकाळभर बसलीस, आणि पैशांचं नाव काढलं तर आईकडे तक्रार करीन म्हणालीस. म्हणून आईकडेच सेव-उसळीचं निमंत्रण दिलं आहे. तिघी बसून खाऊ.

एक काम मात्र आहे. रावपुऱ्यातल्या माझ्या मावसबहिणीकडेही असाच दोन सिस्टिमवाला कॉम्प्युटर आहे, पण जुना. तू शिकवल्याप्रमाणे तिला सिस्टिम इन्फर्मेशन उघडायला लावलं, तर बायॉस मोडसमोर युईएफआय, म्हणजे माझ्यासारखी नवी पद्धत नाही, लेगसी, म्हणजे जुनी पद्धत लिहिलंय. तिथे ग्रब डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला असतो आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करावी लागते, एवढं तुझ्या बोलण्यातलं लक्षात होतं. म्हणून तिला सांगितलंय, काहीही पुसू नकोस, नुसत्या फायली बाहेर काढून ठेव. परीक्षा झाल्यावर सवडीने तिला फोन कर. नंबर तुझ्या आईकडे दिला आहे.

तुझी,
समोरची काकू