डासांची कॉइल आणि पेटीतला कोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात पहिल्यांदाच टॅरंटुला आणणाऱ्या नाशिककरांसाठी हे पत्र आहे. मुले हौसेने हा कोळी आणतात, आईवडील नाइलाजाने हो म्हणतात, आणि दिवेलागणीला नेहमीच्या सवयीने त्याच खोलीत डासांचे लिक्विड लावले जाते. कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू या बहुतेकांत पायरेथ्रॉइड वर्गातले विष असते. ते डासाच्या मज्जासंस्थेवर घाला घालते, तसेच कोळ्याच्याही. आधी पाय थरथरतात, मग चाल अडखळते, कोळी जागच्या जागी भेलकांडतो. यावर उतारा नाही. म्हणून पेटीच्या खोलीत मच्छरदाणी लावावी, खिडकीला जाळी बसवावी. पेस्ट कंट्रोल करायचे असेल तर पेटी आधीच दुसऱ्या घरी न्यावी, आणि गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावून घ्याव्यात.

हेच विष खाद्यातूनही येते. द्राक्षबागेत किंवा भाजीच्या मळ्यात पकडलेले रातकिडे आणि नाकतोडे कोळ्याला देऊ नयेत. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत किती फवारण्या होतात हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. घरातले झुरळही नको. खाद्यासाठी मुद्दाम वाढवलेले रातकिडे, डुबिया झुरळे किंवा मीलवर्म अळ्या घ्याव्यात. भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा मोठे नसावे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला दहा-बारा दिवसांतून एक-दोन रातकिडे पुरतात, पिल्लाला आठवड्यातून एक-दोनदा द्यावे. 24 तासांत खाल्ले नाही तर भक्ष्य काढून घ्यावे.

पेटीबाबत सगळ्यात मोठी चूक होते ती उंचीची. दुकानात माशांची उंच टाकी मिळते, तीच आणली जाते. जमिनीवर राहणाऱ्या जातीचे पोट म्हणजे पातळ कातडीची भरलेली पिशवी. एक-दीड फुटावरून पडला तरी ते फुटू शकते, आणि पोट फुटलेला कोळी सहसा वाचत नाही. कोळ्याच्या पायांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत 12 सेंमी असेल तर पेटी 36 सेंमी लांब पुरते, आणि भरावापासून (पेटीच्या तळाशी पसरलेल्या थरापासून) झाकणापर्यंत 18 सेंमीपेक्षा जास्त मोकळी जागा नको. टाकी उंचच असेल तर भराव वाढवावा. झाकणाला तारेची जाळी नको, कारण पायांची नखे तिच्यात अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो. अॅक्रिलिकच्या झाकणाला आणि समोरासमोरच्या दोन भिंतींना बारीक छिद्रे पाडली की हवा खेळती राहते.

भराव म्हणून रोपवाटिकेत मिळणारी कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट चालते, मात्र खत मिसळलेली नको. साधारण चार लिटर पाण्यात ती फुगू द्यावी, घट्ट पिळावी, दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी आणि किमान 10 सेंमी थर दाबून भरावा. लपायला नारळाची अर्धी करवंटी, आणि एका कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी. वाटीत स्पंज घालायला सांगतात, तो घालू नये, कुजतो. चिलीयन रोझसारख्या कोरड्या प्रदेशातल्या जातीला ओल सोसत नाही. ओल्या भरावावर पाय टेकवायला नको म्हणून ती काचेवर चढून बसते, आणि तिथून पडते. तेव्हा कोळी सतत काचेवर दिसू लागला तर आधी भराव चाचपून पाहावा.

नाशिकच्या हवेत हीटर किंवा बल्ब लागत नाही. थंडीत निफाडकडे पारा फारच खाली गेला तर पेटी आतल्या खोलीत, कपाटावर ठेवावी. कोळी कमी खाईल, एवढेच. मे महिन्यात पेटीवर ऊन येऊ देऊ नये, अर्ध्या तासात तिची भट्टी होते. वाटी रोज भरावी. पावसाळ्यात पाणी शिंपडणे बंद, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते.

आता कात टाकण्याविषयी. इथेच घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. आधी काही आठवडे, कधी काही महिने, कोळी खाणे सोडतो. पोटावरच्या केस गेलेल्या जागी कातडी काळपट दिसू लागते. मग एका रात्री तो जाळ्याची पातळ चटई विणतो आणि तिच्यावर पाठीवर उताणा पडतो. बराच वेळ काहीच हालचाल नसते. नंतर डोक्याकडचे कवच झाकणासारखे उचकटते आणि पाय हळूहळू, घट्ट हातमोज्यातून बोटे ओढून काढावीत तसे, बाहेर येतात. नवे सुळे पांढरे आणि मऊ असतात. या काळात पेटी हलवू नये, कोळ्याला सरळ करायला जाऊ नये, आतला रातकिडा आधीच काढावा, कारण तो मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. सुळे काळे होईपर्यंत, म्हणजे मोठ्या कोळ्याला दोन आठवडे, खायला देऊ नये.

उताणा कोळी मेलेला नसतो. काळजी करायची ती सरळ बसून पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले असतील तेव्हा. मुख्य सांध्यांत पाय ताणणारे स्नायू कोळ्याला नसतात, अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय पसरतात. पाणी कमी पडले की दाब उतरतो आणि पाय आत वळतात. अशा वेळी त्याला उथळ वाटीच्या काठावर असा ठेवावा की तोंड पाण्याला टेकेल आणि पोट बाहेर राहील. श्वास घेण्याची फुप्फुसे पोटाखाली असतात, ती बुडता कामा नयेत.

हा प्राणी हातावर घ्यायचा नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जाती पोटावरचे बारीक केस उडवतात. त्यांनी खाज सुटते, आणि डोळ्यात गेले तर डोळा न चोळता पाण्याने धुवून नेत्रतज्ज्ञाकडेच जावे लागते. साफसफाईला हातमोजे, चष्मा आणि एक फुटी चिमटा घ्यावा. कोळी हलवायचा तर त्याच्यावर पारदर्शक डबा उपडा ठेवून खालून पुठ्ठा सरकवावा.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने चिलीयन रोझ किंवा कर्ली हेअर घ्यावा. त्यांची मादी वीस वर्षांच्या आसपास जगू शकते, हे आणण्याआधी घरात बोलून घ्यावे. नर वयात आल्यावर फार तर एक-दोन वर्षे राहतो. आपल्या देशातले पोसिलोथेरिया हे झाडांवर राहणारे टॅरंटुला फार चपळ, त्यांच्या दंशाने स्नायूंत दिवसच्या दिवस पेटके येतात. शिवाय ते, मेक्सिकन रेड नी आणि कर्ली हेअरही ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला, म्हणजे ‘साइट्स’साठीच्या यादीतला, प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार शास्त्रीय नाव आणि कागद देत नसेल तर कोळी घेऊ नये. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीवर दिसणारा मोठा कोळी पकडून आणू नये. तो बहुधा मादीच्या शोधात निघालेला नर असतो, त्याचे थोडेच महिने उरलेले असतात आणि ते त्याला तिथेच हवे असतात.

सांभाळणे जमेनासे झाले तर परदेशी कोळी पांडवलेण्याच्या डोंगरावर किंवा गंगापूर धरणाकडे सोडू नका. अनुभवी पाळणाऱ्याकडे द्या, आणि सोबत शेवटची कात कधी टाकली त्या तारखेची चिठ्ठी द्या.

– कोळी पाळणारे काही वाचक, नाशिक