मिस्त्रीमामा, ड्रायव्हरला जवळ बोलावलंत म्हणून

मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

ब्रेक मारला की थरथरणारी आमची पिकअप नीट केलीत त्याचे आभार आहेतच, पण हे पत्र मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. ब्रेकची डिस्क फिरताना किती डुलते ते काट्यावर दाखवणारा डायल गेज लावून झाल्यावर तुम्ही बाजूला उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हाक मारलीत. त्याला स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, "आता तूच फिरव, सावकाश." हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरता भाग, त्याच्या हाताने फिरला. काटा एकीकडे गेला, फेरी पूर्ण होताना परत आला, पुन्हा गेला. डिस्क ०.१४ मिलिमीटर डुलत होती. मग सगळ्यांच्या देखत तुम्ही त्याला म्हणालात, "यात तुझ्या पायाचा काही दोष नाही रे."

हे वाक्य त्या पोराला आजवर एकाही गॅरेजमध्ये ऐकायला मिळालं नव्हतं. सगळीकडे एकच पालुपद: ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून चालवतो, म्हणून डिस्कला दाबणारे ब्रेकचे पॅड लवकर जातात आणि डिस्क वाकते. गाडी माळशेज घाट उतरून टोमॅटो घेऊन कल्याणला, वाशीला जाते म्हटल्यावर तर बोलायलाच नको. घाटातली गाडी, तरुण ड्रायव्हर, निकाल तयार. नव्या डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, बिल झालं. काही हजार किलोमीटर गाडी छान चालली, मग साठच्या वेगाला ब्रेक मारला की स्टेअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. परत गेलं की तेच ऐकायचं: "आम्ही दिली तेव्हा गाडी ठणठणीत होती, नंतर तुमच्या माणसाने वाट लावली."

हा मधला काही हजार किलोमीटरचा काळच ड्रायव्हरला गुन्हेगार ठरवतो. त्यामागचं कारण तुम्ही त्या दिवशी उलगडून सांगितलंत, म्हणून ते इथे सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं.

डिस्क हबवर थोडी तिरपी बसली तर पहिल्या दिवशी काहीही जाणवत नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सरकता असतो, तो डिस्कबरोबर इकडेतिकडे होतो आणि ब्रेक गुळगुळीत लागतो. पण ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला डिस्कचा तोच भाग पॅडला घासून जातो. तिथे ती कणाकणाने पातळ होते. एकीकडे पातळ, एकीकडे जाड अशी डिस्क झाली की ब्रेक दाबल्यावर कॅलिपरमधला पिस्टन मागेपुढे ढकलला जातो, पेडल पायाखाली धडधडतं आणि स्टेअरिंग हलतं. याला सगळे "डिस्क वाकली" म्हणतात. खरं तर बिडाची डिस्क रोजच्या वापरात पापडासारखी वाकत नाही, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. तुम्ही मायक्रोमीटरने कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, गोलाकार आठ जागी जाडी मोजलीत. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला. ०.०२ च्या आसपासही पायाला जाणवायला लागतं, हे तुमचं सांगणं आमच्या लक्षात आहे.

आणि ती तिरपी का बसली? आपल्या पिकअपला डिस्क हबला मागून बोल्टने आवळलेली असते. हब आणि बेअरिंग उतरवल्याशिवाय ती निघत नाही. काम किचकट, म्हणून लोक घाई करतात. जुनी डिस्क काढून हबच्या तोंडावर गंजाचं कडं तसंच ठेवून वर नवी आवळतात. हबवर बोल्टांच्या गोलापाशी नुसता ०.०५ मिलिमीटरचा गंज असला तरी डिस्कच्या कडेला तो आऊट, म्हणजे डुलणं, आणखी मोठा होऊन दिसतो. तुम्ही तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन ते तोंड लख्ख केलंत, बोल्टांच्या भोकांच्या कडाही सोडल्या नाहीत. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलंत, सील बदललं, हब फिरवत फिरवत नट आवळून प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढलात आणि मगच पुन्हा गेज लावलात. बेअरिंगमध्ये प्ले असेल तर गेजचा आकडा खोटा येतो, हे किती जण पाहतात? डिस्क एका भोकाने फिरवून पुन्हा मोजलीत. काटा ०.०३ वर आला. पुस्तकात साधारण ०.१० च्या आसपासची मर्यादा असते, म्हणजे तेवढ्यावर सोडून दिलं असतंत तरी कुणी बोट ठेवलं नसतं.

डिस्क तीच ठेवलीत, हे मुद्दाम सांगायला हवं. नवी जोडी शेल्फवर होती. डिस्कवर कोरलेली किमान जाडी तुम्ही आधी वाचलीत, शिल्लक जाडी मोजलीत आणि "अजून माल आहे, लेथवर हलका टर्न पुरे" म्हणालात, म्हणजे वरचा पातळ थर कापून डिस्क सपाट करायची. दोन्ही चाकांच्या डिस्क, दोन्ही बाजूंनी सारख्या, आणि टर्न मारून आल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन बसवल्यात. डिस्कवर काळेनिळे कडक डाग खोल गेले असते तर टर्न मारून उपयोग झाला नसता, ते थोड्याच दिवसांत पुन्हा वर आले असते. तसे डाग नाहीत हेही तुम्ही दाखवलंत. नवी डिस्क विकण्यात दुकानाचा फायदा होता आणि आम्ही घेतलीही असती, कारण तोवर आम्हाला तसंच ऐकायची सवय लागली होती.

पण थरथर हे अर्धंच दुखणं होतं. पॅड इतक्या लवकर का संपतात, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी तुम्ही आधी मागचे ड्रम उघडलेत. त्याआधी कोणीच उघडले नव्हते, कारण तक्रार पुढच्या चाकाची होती. मागचे लायनर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचा थर, जवळजवळ नवे निघाले. दुसरा कुणी असता तर "मागचं एकदम ओके" म्हणून ड्रम परत चढवला असता. तुम्ही म्हणालात, "इतक्या चाललेल्या गाडीचे लायनर नव्यासारखे, हेच तर दुखणं." मागचे ब्रेक कामच करत नव्हते. शू ड्रमच्या जवळ ठेवणारा अ‍ॅडजस्टर गंजून जाम, शू ड्रमपासून लांब. माल भरलेल्या पिकअपचं बहुतेक वजन मागच्या धुऱ्यावर असतं, आणि ते सगळं थांबवायचं ओझं पुढच्या दोन डिस्कवर पडत होतं. त्या तापणार नाहीत तर काय होणार?

त्यात तो मागच्या स्प्रिंगला वाढवलेला जादा पाटा. हा मुद्दा तर प्रत्येक पिकअपवाल्याने गाडीच्या काचेवर चिकटवावा असा आहे. मागच्या धुऱ्याजवळ एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी धुऱ्याला जोडलेली असते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. पाटा वाढवला की गाडी पुरेशी खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचं प्रेशर तोडून ठेवतो. म्हणजे माल जास्त आणि मागचा ब्रेक कमी. आमच्या भागात पाटा वाढवणं सर्रास चालतं, पण त्याचा ब्रेकशी संबंध आहे हे पाटे बसवणाऱ्या कुणीही कधी सांगितलेलं नाही. तुम्ही जादा पाटा उतरवलात, रिकाम्या गाडीवर पुस्तकातल्या मापाने दांडी लावलीत आणि स्पष्ट सांगितलंत की गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त माल असेल तर दुसरी गाडी लावा. गिऱ्हाईक दुखावेल याचा विचार केला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

कॅलिपरचं काम तुमच्या हाताखालच्या मुलाने केलं, पण नजर तुमची होती. डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. याचा अर्थ कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन सरकपिना जाम. पिनांवर कुणीतरी साधं चासीचं ग्रीस भरलं होतं. त्याने रबरी बूट फुगले आणि पिना अडकल्या. तुम्ही बूट बदललेत, पिनांची भोकं आतून साफ करून घेतलीत, सिलिकॉनचं ग्रीस लावलंत आणि रबराची चकती असलेली पिन तिच्याच भोकात जाते की नाही हे स्वतः पाहिलंत. दोन पिनांची अदलाबदल केली तरी कॅलिपर अडकतो.

त्याच चाकाला ब्रेक सोडल्यावरही थोडा अडथळा राहत होता. तेव्हा तुम्ही जे करून दाखवलंत ते कुणालाही जमेल. ब्रेक मारून सोडायचा, चाक अडकलेलं असतानाच एअर काढायची निपल किंचित सैल करायची. चाक मोकळं झालं तर कॅलिपर निर्दोष, प्रेशर परत जात नाहीये. मग पुन्हा ब्रेक मारून, होजच्या (कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या) वरच्या टोकाला लोखंडी पाइपाचा जोड सैल करायचा. तिथेही मोकळं झालं तर दोष वर, पेडलने प्रेशर तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याला ढकलणाऱ्या पुशरॉडला प्ले नसल्यामुळे. तिथे मोकळं झालं नाही आणि निपलवर झालं, तर रबरी होज आतून फुगलाय. आमचा होजच निघाला. बाहेरून तो अगदी चांगला दिसत होता. दोन्ही बाजूंचे होज बदलले, ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट ४ प्रतीचं भरलं. जुनं ऑइल चहासारखं झालं होतं. ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उकळबिंदू घसरतो. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पाणी ओढल्यावर तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. घाटात ऑइल उकळून पेडल अचानक तळाला का जातं याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

व्हील नट तुम्ही गनने नुसते टेकवलेत आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट घेत दिलात. मग पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून ड्रायव्हरला घेऊनच रस्त्यावर गेलात. साठवरून पंधरा-वीसवर, न थांबता, मध्ये डिस्क गार व्हायला वेळ देत, दहाएक वेळा. त्या फेरीत तुम्ही त्याला जे सांगितलंत ते तो आता दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगतो: माळशेज उतरायला लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. ब्रेक थोडा दाबून धरत बसायचं नाही, नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. खाली उतरल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारायचं नाही. डिस्क तापलेली असताना एकाच जागी पेडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा माल तिथे चिकटतो आणि थरथर पुन्हा सुरू होते.

यातला एकही शब्द तुम्ही त्याला दरडावून सांगितला नाहीत. आधी दोष त्याचा नाही हे आकड्यात दाखवलंत आणि मग चालवायचं कसं ते सांगितलंत, म्हणून त्याने ते ऐकलं. ज्यांनी आधी बोल लावले त्यांच्याकडून तो काही शिकला असता असं मला वाटत नाही. चांगला कारागीर पुष्कळ ठिकाणी भेटतो. पण गिऱ्हाइकाने ज्याला दोषी धरायची तयारी केली आहे, अशा पगारी पोराची बाजू घेऊन उभा राहणारा कारागीर क्वचित भेटतो. त्यात तुम्हाला एक पैसा जास्त मिळणार नव्हता. उलट, मालकाला आवडेल ते बोलणं सोपं होतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ५,००० किलोमीटरला मागचे ड्रम उघडून अ‍ॅडजस्टर फिरतो का ते पाहिलं. फिरतोय, आणि आता मागचे लायनर झिजताना दिसतात, याचा आम्हाला आनंद आहे. पुढचे पॅड आत-बाहेर सारखे झिजतायत. घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंच्या डिस्क सारख्याच तापतात.

आमच्या दुसऱ्या पिकअपलाही जादा पाटा आहे आणि तिची व्हॉल्व्हची दांडी कुणीतरी तारेने बांधून टाकली आहे. ती गाडी टोमॅटोचा हंगाम ओसरला की घेऊन येतो. हबचे सील, कॅलिपरचे बूट आणि होज येतानाच आणायचे आहेत, पार्ट नंबर तेवढे ड्रायव्हरच्या फोनवर कळवा.

आपला,
जुन्नर भागातला एक गाडीवाला