दिवाळ्याच्या तांडेल दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, म्हणून उघडच लिहिते. दिवाळे कोळीवाड्यातलं कोणीतरी तुम्हाला दाखवेलच.

मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने जायचं, हे माझं जुनं खूळ. आधी ज्या साहसी सहली काढणाऱ्या साहसवाल्यांकडे नाव नोंदवलं, त्यांनी नंतर वय ऐकलं, अठ्ठावन्न, आणि म्हणाले, "काकू, तुम्ही मांडव्याचा कॅटमरान करा ना, छान असतो." बुकिंगचे पैसे अजून परत यायचेत. शेवटी निघाले ती तुमच्या बोटीने.

खांदेरी किल्ला मागे पडेपर्यंत मी मजेत फोटो काढत होते. दुपारी वायव्येचा वारा भरला, लाटा उजव्या अंगाने मागून यायला लागल्या आणि मला बोट लागली. अशी लागली की नको जीव झाला. किनाऱ्यालगत मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट आणि बिनदिव्याचे बोये, म्हणून रात्रीसाठी बोट खोल पाण्यात घेतलेली. उतरायची सोय नाही. बरोबरची तरुण मंडळी भली होती, पण माझ्याकडे बघायचं टाळत होती.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बादलीच्या कडीला दोरी बांधलीत, दुसरं टोक माझ्या हाताशी रेलिंगला. मापही असं, की न उठता ओढून घेता यावी आणि बोट कितीही कलली तरी ती लांब घरंगळू नये. मग दर वेळी समुद्राच्या पाण्याने विसळून पुन्हा तिथेच. नाक मुरडणं नाही, 'काय खाल्लं होतंत' नाही. मी ओशाळून "राहू द्या हो" म्हटलं, तर म्हणालात, "ताई, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी बसलो की ऑगस्टात आमच्या खलाशांनाबी लागते." खरं असेल किंवा माझी समजूत काढलीत, रात्र मी त्या वाक्यावर काढली.

पहाटे सुकाणू हातात दिलंत. "होकायंत्राच्या काट्याकडे नको, पाणी नि आभाळ मिळतं तिथे बघा." कान सांगतो हलतंय, डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि त्या भांडणात पोटाचे हाल होतात, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला वाचावं लागलं नव्हतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या किल्ल्यांपैकी चार याच वाटेवर. सुवर्णदुर्ग बादलीपायी हुकला, पण विजयदुर्ग, धुरकट का होईना, सुकाणू धरून पाहिला.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आधी ग्रुपवर व्हिडिओ येतो, आतल्याला हाक नंतर. माणुसकीवर भाषणं देणारेही तिथेच राहतात. म्हणून तुमची ती मापात बांधलेली दोरी सारखी आठवते.

ता. क. त्या साहसवाल्यांचा परवा फोन आला होता. महिला दिनाला 'प्रेरणादायी पाहुणी' हवी आहे म्हणे. मी तुमचं नाव सुचवलंय. मानधन आधी घ्या, बुकिंगसारखं अडकवतील.

तुमची,
नेरूळची ताई