टेबल तासाच्या भाड्यावर नको

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पूल (काठीने बॉल टेबलाच्या भोकात पाडायचा खेळ), डार्ट्स (गोल बोर्डावर बाण फेकायचा खेळ) अशा गेम्सवाल्या बारबद्दल आलेलं वाचलं. फोटो छान होते, पण सगळा भर कुठे किती गेम आहेत यावरच. मला विचाराल तर गेम किती हा मुद्दाच नाही, पूलच्या टेबलावर खेळायला नंबर कसा लागतो हा मुद्दा आहे आणि हल्ली घोळ तिथेच होतोय.

घराजवळच्या साध्या बारमधला जुना नियम एकदम सोपा, जिंकला तो टेबलावर थांबणार, हरला तो बाजूला, पुढचा कोण ते पाटीवर खडूने लिहिलेलं किंवा टेबलाच्या कडेला नाणं ठेवलेलं. त्यामुळे तुम्ही चार दोस्त मिळून आलात तरी तासाभरात दोन-तीन अनोळखी लोकांशी खेळून होतं, न मागता ओळखी होतात. नवीन जागांमध्ये टेबल अ‍ॅपवरून तासाच्या हिशोबाने बुक करायचं. ग्रुप येतो, आपापसात खेळतो, जातो. मग घरीच पत्ते काढले असते तर काय बिघडलं असतं?

बारमधलं पूल टेबल बहुतेकदा ७ फुटी असतं, मोठ्या स्पर्धांमधलं ९ फुटी. जागा कमी लागते हे तर झालंच, पण शॉट जवळचे होतात, नवख्याचे पण बॉल पडतात, गेम लवकर उरकतो आणि रांग पुढे सरकते. नाणं टाकायच्या टेबलात तर पडलेले बॉल आतच अडकतात, पांढरा तेवढा परत येतो, कारण तो आकाराने किंवा वजनाने जरा वेगळा असतो नाहीतर चुंबकाने ओढला जातो. एक नाणं एक गेम, चला पुढचा. हे टेबल मुळात रांगेसाठीच बनलंय, त्याला तासाचं मीटर लावून काय मिळवलं कळत नाही.

डार्ट्सचं तर मला फार कौतुक. बोर्डावर २० च्या एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला १, म्हणजे हाव धरून २० वर मारलं आणि नेम जरा हुकला की हातात चिल्लर. नवख्याने उलट डावीकडे खाली मारावं, तिथे १९, ७, १६, ८ आहेत, हुकलं तरी बरं पडतं. शिवाय ५०१ गुणांवरून वजा करत शून्यापर्यंत उतरायचं आणि शेवट डबलवरच (बोर्डाच्या कडेची बारीक पट्टी, तिथे दुप्पट गुण) करायचा, त्यामुळे पुढे गेलेला त्या बारीक पट्टीपाशी अडकून बसतो आणि मागचा त्याला गाठतो, दोस्तांची चिडवाचिडवी खरी इथे रंगते. फक्त बोर्ड नीट लावा हो! स्टीलच्या टोकाच्या बाणांसाठी बोर्डाचा मध्य १.७३ मीटर उंचीवर आणि उभं राहायची रेघ २.३७ मीटरवर हे ठरलेलं आहे, तरी कितीतरी ठिकाणी तो टॉयलेटच्या वाटेवर टांगलेला असतो. हातात ग्लास, टोकदार बाण आणि मधून जाणारी माणसं, काय बोलायचं.

अजून एक, प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा न पिणारा असतोच आणि त्याला नुसतं बसून राहणं म्हणजे शिक्षा. गेम असला की तो पण सामील, आणि रात्र चढते तसा तोच जिंकायला लागतो हा भाग वेगळा.

मालक म्हणतील काहीतरी नवीन आणावंच लागतं. आणा की. १९७२ मध्ये अटारी कंपनीने पाँग या व्हिडिओ गेमचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका साध्या बारमध्येच ठेवलं होतं, ते बिघडल्याची तक्रार आली म्हणून उघडून बघितलं तर आत नाणी तुडुंब भरलेली. आणि तो गेम एकट्याने खेळताच यायचा नाही, समोर कुणीतरी लागायचंच.

बुकिंग पूर्ण बंद करा असं नाही म्हणत, वाढदिवसाचे ग्रुप येतात, त्यांना टेबलाची खात्री हवी असते, मान्य. पण निदान एक टेबल आणि एक बोर्ड बिनबुकिंगचा ठेवा, बाजूला पाटी-खडू ठेवा. आणि क्यूची (पूल खेळायच्या काठ्यांची) टोकं तेवढी बदला, निम्म्यांचं चामडं उडालेलं असतं, शॉट मारला की नुसता टक्क आवाज आणि बॉल भलतीकडे.

– एक नेहमीचा वाचक