सुमे, तारीख ठरली

सांगली, रविवार रात्र

प्रिय सुमे,

फोनवर सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग रडली असतीस. मला दोन्ही नको, म्हणून पत्र. दिवाळीपासून एक ओळ नाही म्हणून रागावली असशील, तर रागाव.

वजन उतरवायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. स्लीव्ह करणार आहेत, म्हणजे जठराचा पाऊण भाग काढून टाकायचा, उरतं ते केळ्याएवढं. बाकी ठीक. शुगर गोळ्यांना जुमानत नाही, गुडघे तुला माहीतच आहेत, रात्री नाकाला मशीन लावून झोपते.

घरात अर्थातच सभा भरली. आई म्हणाली, "पोट कापून कुणी बारीक होतं का?" मामा "गडकरींनी नाही का केलं २०११ ला!" म्हणून चहा मागायला मोकळे. धाकट्याचं एकच, वजनाचं इंजेक्शन घे, मौंजारो आता आपल्याकडेही मिळतं. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, उतरतं, चांगलं उतरतं, पण बंद केलं की बहुतेकांचं बरंचसं परत येतं. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४१, वर शुगर. त्यांचं मत ऑपरेशनचंच. ४० च्या वर विमाही मिळतो. तरी विम्याच्या फोनवरच्या पोरानं विचारलंच, "मॅडम, हे दिसण्यासाठी आहे का?" मी म्हटलं, हो, दारातून आत जाताना दिसावी म्हणून.

सुमे, कापण्याची भीती नाही गं. दुर्बिणीतून करतात, त्याच दिवशी चालायला लावतात, जिवाचा धोका हजारात एखाद-दुसऱ्याला. मला भीती आहे ती पाचव्या वर्षाची. वर्ष-दीड वर्ष काटा खाली जातो, मग थोडा वर सरकतो. बहुतेकांचा. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा माणसांची नोंद ठेवलीय, डॉक्टरांनी त्याचा आलेख दाखवला. बायपासवाली (हृदयाचा नव्हे, जठराचा) दहा वर्षांनीही पहिल्यापेक्षा पंचवीस टक्क्यांनी हलकी होती, बाकी जुन्या पद्धतीवाली त्याहून कमी. आणि ऑपरेशन केलेली माणसं न केलेल्यांपेक्षा जास्त जगली, हे २००७ मध्येच छापून आलंय. डॉक्टर ते जगणं दाखवत होते आणि मी बघत होते ती वर चढणारी रेघ.

कारण आपली माणसं मला माहीत आहेत. डाएट मोडलं तेव्हा "म्हटलं नव्हतं?" एवढ्यावर भागलं. आता चार किलो चढले तरी म्हणतील, पोट कापलं पण जिभेचे चोचले काही गेले नाहीत. भुकेचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच बनतं, शरीर स्वतःच जुन्या वजनाकडे ओढतं, हे हळदीकुंकवात कुणाला समजावू? तुला समजेल. एन.सी.सी.च्या गणवेशाच्या वेळी शिंप्याची टेप पुरली नाही आणि त्यानं सुतळी मागवली, तेव्हा तू शेजारी होतीस. हसलीही होतीस. ते मी अजून माफ केलेलं नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी तीस मिलीचा इवलासा कप दिलाय. सुरुवातीला तेवढंच, तेही घोट घोट. काल त्यात कटाची आमटी ओतून बघितली. वर तरंगणाऱ्या तेलाचा एकच ठिपका मावला. ह्यांना हसू आवरेना. मग जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम. तपासण्या चुकवायच्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, नंतर परत येतात म्हणे.

तुझं काय? सासूबाईंचं प्लास्टर निघालं? चिंगीनं शेवटी कॉमर्सच घेतलं ना? घराचा हप्ता सुरू झाला असेल. सविस्तर लिही.

ऑपरेशनला येऊ नकोस, तेव्हा सगळेच येतील. पाचव्या वर्षी ये. आणि तेव्हा मी कशीही दिसले तरी "अगं बाई, परत?" म्हणायचं नाही. शुगर किती आहे ते विचारायचं.

तुझी,
बुंदी

ता. क. तुझा तो निळा कुर्ता परत मागू नकोस. मला होणार आहे.