चिऊला घेऊन येतेय

प्रिय आई-बाबा,

बाबांचा आवाज कापरा झाला की मला फोनवर पुढे बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. आजीचे शेवटचे दिवस आहेत, म्हणून शनिवारी मी येतेय आणि माझ्या चिऊला सोबत आणतेय. बाबा, 'पोरीला हे असलं दाखवू नकोस' हे तुमचं वाक्य विसरलेले नाही. खूप विचार केला आणि तरीही ठरवलंय. रागावण्याआधी सगळं वाचा.

चिऊ आता सात वर्षांची आहे. अगदी लहान मुलांना वाटतं, गेलेलं माणूस थोड्या दिवसांनी परत येईल. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेकांना कळू लागतं की तसं होत नसतं. तिलाही कळलंय. परवा केस विंचरताना तिनं आरशात बघत विचारलं, "पणजी मरणार आहे का?" मी हो म्हटलं. ती रडली, मग म्हणाली, "तिला दुखतंय का?" म्हणजे विचार तिच्या मनात आहेतच. आपण सांगितलं नाही तर पोरं स्वतःच काहीतरी रचतात, आणि त्यात बरेचदा दोष स्वतःवर घेतात: मी ओरडले म्हणून झालं, मी भेटायला गेले नाही म्हणून झालं.

तिच्यावर जबरदस्ती नाही. आजीचे गाल आत गेलेत, ती बहुतेक वेळ झोपून असते, श्वास मध्येच थांबतो, हे सगळं मी तिला आधी सांगणार आहे. दारातून बघून परत फिरली तरी चालेल. फक्त कृपा करून तिला 'पणजी झोपली' असं सांगू नका. मुलं मग रात्री झोपायला घाबरतात. 'पणजी वारली' एवढंच सांगायचं.

आजोबांच्या वेळी मला मावशीकडे पाठवलंत, ते माझ्यावरच्या मायेनंच. तुमच्या जागी मीही तेव्हा तेच केलं असतं. पण परत आले तेव्हा कॉट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. आजी तेवढी रात्री माझ्याजवळ झोपली, अंधारात माझा हात दाबत राहिली. चिऊलाही तो हात एकदा धरू दे.

आता आई, तुझ्यासाठी. 'एक घास तरी घ्या' म्हणून तू आजीच्या उशाशी वाटी घेऊन बसतेस. माझ्या राणी, तू तिला उपाशी ठेवत नाहीयेस. शेवटी शेवटी शरीरालाच अन्न नको होतं, भूक-तहान आपोआप मावळते. जबरदस्तीनं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. तिनं स्वतः तोंड उघडलं, नीट जागी असली, तर चमचाभर दे. नाहीतर ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसत राहा. तिला खरं सुख त्यातच आहे. इतकी वर्षं तू तिचं केलंस, आता हेही तुझ्याच हातून होऊ दे.

बाबा, मॉर्फिनला घाबरू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत त्यानं दुखणं आणि धाप कमी होते, मरण त्यामुळे ओढवत नाही. श्वास मोठा, मग बारीक, मग थोडा वेळ बंद, पुन्हा सुरू, असं होईल. घशात घरघर होईल. ती लाळेची असते, तिला गिळता येत नाही म्हणून. ऐकायला आपल्याला भयंकर वाटतं, तिला बहुधा तितका त्रास होत नाही. अलगद कुशीवर वळवा. हातपाय गार पडतील, त्वचेवर निळसर डाग दिसतील. ताबडतोब दवाखान्यात न्यायची घाई नको. घरी येणाऱ्या नर्सना फोन करा, रात्रीसुद्धा. आजीला परत त्या नळ्यांमध्ये जायचं नव्हतं, हे तिनं आत्यासमोर तुम्हालाच सांगितलंय.

आणि तिच्याशी बोला. आई सांगत होती की तुम्ही खोलीबाहेर पेपर उघडून बसता आणि पान उलटत नाही. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यात अखेरच्या तासांत प्रतिसाद देणं थांबलेल्या काही रुग्णांचे मेंदू आवाजाची दखल घेताना दिसले. तिला अर्थ कळेल की नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण तिचा मुलगा बोलतोय एवढं तरी कदाचित पोचेल. जुन्या गोष्टी काढा. माफी मागायची असेल तर मागा, काहीच सुचलं नाही तर 'आई, मी आहे' म्हणा.

एक मात्र आत्ताच कबूल करा. तुम्ही तोंड धुवायला उठलात आणि नेमकं तेव्हाच झालं, तर आयुष्यभर मनाला लावून घ्यायचं नाही. असं खूप घरांत होतं. तुम्ही तिला सोडून गेलात असा त्याचा अर्थ नाही.

आता हुकूम. बीपीची गोळी चुकवायची नाही, आईनं समोर उभं राहून द्यायची. आजीला एकट्यानं उचलायचं नाही, खालची चादर दोघांनी धरून सरकवायचं. आई, कंबरेचा पट्टा लाव, 'काही होत नाही' म्हणू नकोस. मी आले की रात्रीची पाळी माझी, तुम्ही दोघांनी आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. काही वाटलं तर मी लगेच उठवेन, शप्पथ. दिवसा चिऊ तुमच्याजवळ राहील. तिच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या, रडू आलं तर तिच्यासमोर रडा. तिला ते चालतं.

शनिवारी आम्हाला घ्यायला येऊ नका, आम्ही रिक्षानं येऊ. त्याआधी काही झालं तर कितीही वाजता फोन करा, 'सकाळी सांगू' असं करू नका.

तुमची,
माई

ता. क. आजीचा चष्मा कपाटात ठेवलात म्हणे. तो काढून तिच्या उशाशी ठेवा, तिनं डोळे उघडले तर चिऊ नीट दिसायला हवी.