हील अँड टो नंतर, आधी दुसरा गिअर

महोदय,

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी मी मोटार ड्रायव्हिंग शिकवते. हल्ली क्लच नीट सोडता न येणारी पोरंही विचारतात, "मॅडम, हील अँड टो कधी शिकवणार?" मोबाइलवर शर्यतीचे व्हिडिओ पाहिलेले असतात.

ब्रेक लावत असतानाच गिअर खाली घ्यायची ही युक्ती खोटी नाही. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबलेलाच ठेवायचा, त्याच पायाची टाच किंवा बाहेरची कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून क्षणभर रेस द्यायची, डावा पाय क्लचवर, तेवढ्यात गिअर खाली. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला ३००० च्या आसपास फिरावं लागतं. ही तफावत रेसने भरली नाही, तर क्लच सुटताच गाडी हिसका खाते. जुन्या एसटीचे ड्रायव्हर डबल क्लच मारायचे, म्हणजे मध्येच न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायचे आणि मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचे, तेही याच हिशेबाने.

पण शर्यतीत ब्रेक जोरात दाबलेला असतो, म्हणून त्याचं पेडल खाली जाऊन अ‍ॅक्सिलरेटरच्या बरोबरीला येतं. घाटात आपण ब्रेक हलका लावतो. पेडल वरच राहतं, टाच खाली पोचवायला पाय वाकडा करावा लागतो आणि त्या नादात ब्रेकवरचा दाब कमीजास्त होतो. त्यातून पावसाळ्यात आपल्या पायात असते चिखलाने बुळबुळीत झालेली स्लिपर. टाच उचलली की ती लोंबते आणि तिची कड पेडलखाली अडकते. (माझ्या गाडीत स्लिपर काढून मागे ठेवायच्या; ड्रायव्हरच्या सीटखाली नाही, उताराला त्या सरकत ब्रेकखाली येतात.) शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले की कॉम्प्युटरच रेस कापतो. एवढी कसरत करून इंजिन ढिम्म!

म्हणून मी साधा क्रम शिकवते. उतार लागायच्या आधी, रस्ता सरळ असतानाच ब्रेक लावून वेग उतरवा. मग ब्रेक सोडा, क्लच दाबा, मोकळ्या झालेल्या उजव्या पायाने किंचित रेस द्या, दुसरा टाका आणि क्लच हळू सोडा. ओल्या रस्त्यावर तो धाडकन सोडला, तर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी क्षणभर स्टिअरिंगला जुमानत नाही. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची तर शेपटीच फिरते.

याहून मोठं दुखणं न्यूट्रलचं. "डिझेल वाचतं" म्हणून शहाणीसुरती माणसं घाटात न्यूट्रल मारतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला ते लागतंच. वाचत काहीच नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटाखालच्या पोफळीला उतरेपर्यंत ब्रेक पॅडचा जळका वास सुटतो. कुणी इंजिनही बंद करतो. मग दोन-तीनदा ब्रेक दाबताच, पायाचा जोर वाढवून देणाऱ्या बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ नुसार, उताराला झटपट खालचा गिअर टाकता येतो का आणि चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता उठते का, हे परवान्याच्या चाचणीत पाहायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सपाट मैदानावर आठचा आकडा आणि रिव्हर्स एवढ्यावर काम उरकतं. सगळा खेळ पहिल्या गिअरात! माझी मागणी मोठी नाही. चिपळूण, पोलादपूर, महाबळेश्वर, आंबोली अशा घाटालगतच्या भागांतल्या उमेदवाराला तरी एखाद्या खऱ्या उतारावर न्यावं, "दुसरा टाका" म्हणावं, आणि गिअरच्या दांड्याकडे न बघता त्याने तो टाकला तरच पास करावं.

— एक ड्रायव्हिंग प्रशिक्षिका, चिपळूण